पायरीवरचं वायफाय

हिरवा दिवा लुकलुकत होता — भरभर, मध्येच थबकून, पुन्हा भरभर — म्हणजे कुणीतरी होतं. आणि वाचनमंदिराच्या लांबट खोलीत तर चारुलतेशिवाय चिटपाखरूही नव्हतं. खुर्च्या रिकाम्या, वर्तमानपत्रं काठीला लावून टांगलेली, पंखा स्वतःपुरता फिरतोय, आणि टेबलाच्या कोपऱ्यावर ती काळी डबी, दोन कान उभारून बसलेली, कुणासाठी तरी राबतेय. दिवा नुसता तेवत असला की कुणी नाही, लुकलुकला की कुणीतरी काहीतरी ओढून घेतंय, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कुकरच्या फुरफुरण्यावरून शिट्टी कधी होणार ते जसं कळायला लागतं, तसं कळायला लागलं. सकाळच्या या वेळी म्हणजे गल्लीतल्या हॉस्टेलची मुलं असणार, भिंतीपलीकडे, मोटरसायकलवर बसून एक पाय जमिनीला टेकवलेली. त्यांचे चेहरे तिनं कधी नीट पाहिले नव्हते, आणि पाहावेत असं वाटलंही नव्हतं... मला कशाला हव्यात त्यांच्या चौकशा, मला एकच जण हवी आहे, आणि ती ऊन उतरल्याशिवाय येत नाही.

ती म्हणजे पायरीवरची मुलगी. संक्रांतीच्या सुमारास पहिल्यांदा दिसली — खिडकीतून फक्त पाठ, वेणीचा शेंडा, मांडीवर लॅपटॉप, कानात वायरी — आणि आधी चारुलतेला वाटलं, असेल कुणी नोकरीसाठी अर्ज करणारी. मग आवाज आला. शब्द नव्हते ऐकू येत, रस्त्यावर मिरचीभजीवाल्याचा आणि ट्यूशनच्या पोरांचा गलका होता, पण आवाजाची चढउतार मराठी होती, ‘हो ना रे’ म्हणताना शेवटी लांबवलेली, आणि हैदराबादेतल्या नल्लकुंट्याच्या त्या गल्लीत, जिथं दिवसभर तेलुगू आणि दख्खनीच कानांवर पडायची, तो आवाज खिडकीतून आत आला तेव्हा चारुलता वाचत होती त्या पानावरची ओळ हरवून बसली. मग रोजच. मुलगी एकनाथरावांची सून, नाव प्राची, नवरा प्रोजेक्टसाठी क्वालालंपूरला गेलाय, सहा महिन्यांचं वर्ष झालं, आणि रोज या वेळी ती त्याच्याशी बोलते, एवढी माहिती जुने सभासद हिम्मतराव यांच्याकडून मिळाली; दोनदा नजरानजर झाली, दोनदा मुलगी हसली. झालं. एवढ्यावर चारुलतेनं काय काय रचलं होतं ते कुणाला सांगायची सोय नव्हती, अठ्ठावन्न वर्षांच्या बाईनं असं काही रचणं शोभतही नव्हतं. ती आत यावी, समोरच्या खुर्चीवर बसावी, आपण चहा द्यावा, तिनं ‘नको मावशी’ म्हणावं, आपण ‘घे गं’ म्हणावं. याच्यापुढे फारसं काही नव्हतं त्यात. पण हे मात्र हवं होतं, इतकं हवं होतं की दुपारी जेवताना घास हातात राहायचा.

आणि आज ते होणार होतं, कारण आज कुलूप लागणार होतं.

मुळात हे वायफाय म्हणजे मकरंदच्या डोक्यातलं खूळ. वार्षिक सभेला कोरमपुरती डोकी जमलेली, त्यातली निम्मी डुलक्या काढणारी, आणि चिटणीस मकरंद, हायटेक सिटीत बसून कुठल्याशा विम्याच्या कंपनीचं काम पाहणारा, उभा राहून सांगत होता की तरुण पोरं वाचनमंदिराकडे फिरकत नाहीत, त्यांना मराठी वाचताच येत नाही तर येतील कशाला, तर त्यांना जे हवं ते आपण ठेवू, हॉटस्पॉट लावू, फुकट नेट, मग येतील, आली की पुस्तकंही दिसतील. हॉटस्पॉट म्हणजे काय, असं कुणीतरी विचारलं. मकरंदनं डोकं खाजवलं आणि म्हणाला, “पाणपोई समजा. येणारा-जाणारा तहान भागवून जाईल.” पाणपोई म्हटल्यावर सगळ्यांना पटलं; पुण्याचं काम, कोण नाही म्हणणार. पाणपोईवर बसायचं कुणी, तर चारूताईंनी, त्या तशाही बसलेल्याच असतात.

तशाही बसलेल्याच असतात... वडिलांनी, आबासाहेबांनी, वकिलीच्या भरभराटीत ही खोली बांधून दिली तेव्हापासून ती इथं बसत आलेली, आधी त्यांच्या शेजारी, मग त्यांच्या जागी. डबी आली त्या दिवशी एक माणूस वायरी जोडून, भराभर काहीतरी बोलून निघून गेला, आणि नंतर सगळं तिच्यावरच पडलं. अडलं की प्लग काढायचा, जरा थांबायचं, परत लावायचा. लाल दिवा लागला तर टेलिफोन खात्याला फोन. आणि एक गोष्ट, जी त्या माणसानं सांगितली नव्हती आणि तिला हळूहळू उमगली — लोखंडी कपाटांपाशी नेट चालत नाही. पुस्तकांनी गच्च भरलेल्या कपाटांच्या रांगेमागं गेलं की सगळं मरतं. चालतं ते फक्त तिच्या टेबलापाशी, आणि खिडकीतून उडी मारून बाहेर, पायरीवर, गल्लीत, मोटरसायकलींपर्यंत. म्हणून पोरं आली, भरपूर आली, आणि सगळी बाहेरच राहिली. आपणच पाणपोई घातली, नळ मात्र रस्त्याच्या बाजूला काढला.

हिम्मतराव आले ते धोतराचा सोगा सावरत, काठी दारात टेकवून. बी-बियाण्याचं दुकान मुलाच्या ताब्यात दिल्यापासून सकाळचा पेपर वाचायला ते येत, आणि वाचनमंदिराचा सभासद म्हणून नेमानं येणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. ऐकू कमी येई, म्हणून मोठ्यानं बोलत, आणि या खोलीत मोठ्यानं बोलण्याची मुभा असलेले तेवढेच एक.

“काय करायलीस चारू? डबा लुकलुकायला आज लई!”

तिनं हातानंच ‘हळू’ अशी खूण केली, सवयीनं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

“लेकरं बाहेर उभी ऱ्हायलीत उन्हात. आत बोलाव की.”

“आजपासून यावंच लागेल त्यांना,” ती म्हणाली, आणि ते ऐकू न गेल्यामुळं पुन्हा म्हणाली, जरा वर आवाजात, आणि आपल्याच आवाजानं दचकली. मग समजावून सांगितलं. कुठल्याशा शहरात कुणाच्या तरी उघड्या कनेक्शनवरून भलतेसलते ईमेल गेले, पोलीस थेट घरमालकाच्या दारात. मकरंद घाबरला, समितीनं ठराव केला — कुलूप लावायचं, पासवर्ड चारूताईंकडे, ज्याला हवं त्यानं आत यायचं, नाव सांगायचं आणि आत बसूनच वापरायचं. बाहेर कुणी दिसता कामा नये. संध्याकाळी मकरंद येऊन बघणार आहे.

“हौ,” हिम्मतराव म्हणाले, “चांगलं झालं. तुलाबी सोबत होईल.” आणि पेपरात डोकं घातलं.

सोबत होईल... इतक्या सहज बोलून गेला म्हातारा. तिला राग आला, मग राग आल्याचं नवल वाटलं. आपल्या तोंडावर लिहिलंय की काय? वर्षानुवर्षं नीट इस्त्रीची साडी, वेळेवर दार उघडणं, वेळेवर बंद करणं, कुणाच्या अध्यात ना मध्यात — आणि बियाणं विकणाऱ्या माणसाला एका नजरेत कळतं की हिला सोबत पाहिजे. बरं, पाहिजे. मग काय झालं?

दुपारी मकरंदचा फोन आला आणि त्यानं टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरवर कुठलं पान उघडायचं, कुठं टिचकी मारायची ते सांगितलं. “चारूताई, घाबरू नका. चुकलं तर जास्तीत जास्त बंद पडेल.” त्याला काय ठाऊक, बंद पडणं म्हणजे काय. पासवर्ड काय ठेवू विचारल्यावर म्हणाला, आबासाहेबांचं नाव नको, सगळ्यांना सुचेल ते. काहीतरी असं ठेवा की जे फक्त तुम्हालाच माहीत आहे. फोन ठेवून ती बराच वेळ कीबोर्डावर बोटं ठेवून बसली. फक्त मलाच माहीत असलेलं असं काय आहे माझ्याकडे... मग तिनं घरचा जुना फोननंबर टाकला. विद्यानगरच्या घरातला, जिन्याखाली कोनाड्यात ठेवलेल्या काळ्या फोनचा. आबासाहेब गेल्यावर काही महिने विमेवाले, औषधवाले, चुकून लागलेले, असे वाजत राहिलेला आणि मग गप्प झालेला. तो नंबर आता कुणी फिरवत नव्हतं. सुरक्षितच होता.

तिनं शेवटची टिचकी मारली. हिरवा दिवा एकदा विझला, पुन्हा लागला, आणि स्थिर तेवत राहिला. बाहेर कुणीतरी तेलुगूत शिवी दिली, एक मोटरसायकल सुरू झाली, मग दुसरी. गल्ली एकदम मोकळी वाटली. आत कुणीच आलं नाही, एकसुद्धा, आणि तिला त्याचं वाईट वाटलं नाही; तिनं कुलूप त्यांच्यासाठी लावलं नव्हतं.

हिम्मतराव गेल्यावर तिनं समोरची खुर्ची पुसली. डब्यातला चिवडा एका बशीत काढला, वर झाकण ठेवलं, थर्मास हलवून पाहिला. मग बशी जरा डावीकडे सरकवली, कारण लॅपटॉपला जागा लागेल. मग बसली, आणि वाट पाहायला लागली, आणि वाट पाहताना जे नेहमी होतं ते झालं, म्हणजे खोली हळूहळू आबासाहेबांची झाली. समोर भिंतीवर त्यांच्या हातची पाटी — शांतता राखा — तेलरंगात, अक्षर असं वळणदार की वाचून माणूस आधी कौतुक करी आणि मग गप्प बसे. सही नको, पावती नको, फक्त बोलू नका, एवढाच त्यांचा नियम. लहान असताना ती एकदा इथं कपाटामागं बसून गोष्ट मोठ्यानं वाचायला लागली होती, राक्षसाचा आवाज काढून, आणि ते आले, रागावले नाहीत, नुसतं ओठांवर बोट ठेवून हसले. तेव्हापासून ती ओठ न हलवता वाचते. घरीही मग तसंच झालं, दोघांत बोलणं असं फार उरलं नाही, ताट वाढलंय, दिवा घालवू का, एवढंच. आणि शेवटी झटका आल्यावर त्यांची वाचाच गेली तेव्हा घरात काही वेगळं घडलंय हे तिला दोन दिवस जाणवलंसुद्धा नाही... हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. पण खरं आहे.

आणि गौतम. नाव मनात आलं की ती अजूनही टेबलावरचं काहीतरी नीट लावायला लागे, तसं आता तिनं थर्मास उगाच फिरवून ठेवला. विद्यापीठात एम.ए. करत होता, रोज यायचा, खिडकीजवळ बसायचा, ती त्याच्या समोरच्या बाजूला. तीन वर्षं दोघं समोरासमोर बसून वाचत होते. पान उलटायच्या आवाजावरून तिला त्याचा मूड कळे, त्यालाही तिचा कळत असणार, निदान तेव्हा तरी ती तसं धरून चालली होती. नोकरी लागली, औरंगाबादला निघाला, त्या दिवशी दारात थांबून म्हणाला, “येतो.” आणि आला नाही. आता यात कुणाला दोष द्यायचा? बोलायला बंदी होती असंही नाही, दाराबाहेर सगळं हैदराबाद पडलं होतं बोलायला. पण आम्हाला एकमेकांसमोर गप्प बसायची इतकी सवय लागली होती की बाहेर आलो तरी आत असल्यासारखेच वागलो.

ऊन खिडकीवरून खाली उतरलं. पायरीवर चपलांचा आवाज झाला.

चारुलता हलली नाही. पाठ दिसली, वेणी दिसली, मांडीवर लॅपटॉप उघडला गेला. मग मान वर झाली, पुन्हा खाली, लॅपटॉप उचलून इकडे-तिकडे धरून झाला. ‘शीः’ असा आवाज आला. आता उठेल, चारुलतेच्या मनात आलं, आता उठेल, आणि छातीत असं काही धडधडायला लागलं की तिला स्वतःचीच लाज वाटली. एवढं धडधडणं तिनं आयुष्यात कुठं कुठं वाचवून ठेवलं होतं आणि खर्च कुठं होतंय बघा.

प्राची दारात उभी राहिली. जवळून ती खिडकीतल्यापेक्षा लहान दिसत होती, आणि थकलेली.

“आंटी, सिग्नल फुल दिसतंय पण कनेक्टच होत नाहीये. लॉक केलं का?”

‘मावशी’ नाही म्हणाली. ठीक आहे. “ये ना, आत ये,” चारुलता म्हणाली. “कुलूप लावलंय आजपासून. समितीचा नियम. नाव सांगायचं आणि आत बसायचं, मग पासवर्ड.”

“प्राची. एकनाथरावांच्या घरची.” तिनं खोलीभर नजर फिरवली, कपाटं, काठीवरचे पेपर, पाटी. पाटीवर ती जरा थांबली, ओठ हलवत एकेक अक्षर जुळवत, आणि वाचून झाल्यावर तिचा आवाज आपोआप उतरला. “कुठं बसू? तिकडं बसू का, मागे?”

“मागे नाही लागत गं. कपाटांमुळं. इथं, माझ्यासमोर.”

ती बसली. समोरच्याच खुर्चीवर. चारुलतेनं नंबर सांगितला, एकेक आकडा, आणि मुलीची बोटं तो दाबत गेली, आणि कितीतरी वर्षांनी कुणीतरी विद्यानगरच्या घरचा नंबर लावत होतं. दिवा लुकलुकायला लागला. चारुलतेनं चहा ओतला, झाकण काढून बशी पुढं केली.

“नको आंटी, थँक्यू.”

“घे गं.”

तिनं चार दाणे उचलले. चारुलतेनं विचारलं, घरी नेट नाही का? हळू विचारलं, आणि प्राचीनंही तसंच, जवळजवळ कुजबुजत सांगितलं.

“आहे की. पण घरी कसं बोलणार? सगळे असतात ना. मामंजी हॉलमध्ये, आई किचनमध्ये, दार लावलं तर का लावलं म्हणतात. म्हणून इथं येते मी. बाहेर बरं असतं, कुणी ओळखीचं नसतं.” मग वायरी कानात घालता घालता, “वाट बघत असेल तो,” असं म्हणून तिनं स्क्रीन स्वतःकडे वळवून घेतली.

चारुलतेनं समोर एक मासिक उघडलं. ऐकायचं नव्हतं. पण दोन हातांवर माणूस बोलत असताना न ऐकणं म्हणजे काय, याचा तिला सराव नव्हता; या खोलीत तिच्यासमोर बसून आजवर कुणी बोललंच नव्हतं. मुलीचा चेहरा निळसर उजळला. हसली. पायरीवर ती जशी हसत असेल तशी नव्हे, हे चारुलतेला लगेच कळलं, ओठांपुरतं.

“हॅलो... हो, दिसतोयस. नाही, आत बसलेय आज... असंच, लॉक केलं त्यांनी.”

मग तो बराच वेळ काहीतरी बोलला असावा. मुलगी नुसती हुंकार देत होती. एकदा तोंड उघडलं, पाटीकडे पाहिलं, मिटलं. बोटानं टेबलाची कड खरवडत राहिली. डोळे भरून आले होते का? चारुलतेनं पान उलटलं, न वाचता. आवाज झाला त्या पानाचा, केवढा तरी.

“नाही रे, रागावले नाहीये,” प्राची म्हणाली, आणखी हळू. “काल तू म्हणालास ना ते... नाही, आता नाही सांगता येत. नंतर. नाही, बोलता येत नाही इथं. कुणीतरी आहे.”

कुणीतरी आहे.

चारुलता मासिकातल्या एका चित्राकडे पाहत होती, बैठकीच्या खोलीची सजावट, पडदे, उशा, आणि तिला ते चित्र फार स्पष्ट दिसलं, उशीवरची शिवणसुद्धा. सगळे असतात ना — त्या सगळ्यांत मी. मामंजी हॉलमध्ये, आई किचनमध्ये आणि मी टेबलापाशी. असून अडचण, नसून खोळंबा, म्हण आयुष्यभर ऐकली आणि आज स्वतःवर घालून पाहिली तर अगदी मापात बसली: मी नसले तर नेट उघडत नाही, आणि असले तर बोलणं अडतं. राग यायला हवा होता. आला नाही. फक्त चिवड्याची बशी दिसत राहिली, डावीकडे सरकवलेली, आणि ती सरकवताना वाटलेला आनंद आठवून तिला कसंसंच झालं. मी कुलूप घातलं ते पोलिसांच्या भीतीनं नव्हे, समितीच्या ठरावानं नव्हे. ही मुलगी आत यावी म्हणून घातलं, आणि आत आणून काय केलं, तर गप्प केलं. आमच्या घरात कुणाला आणखी काय येतं म्हणा! बोलायच्या यंत्राची पाणपोई घातली ती न बोलायच्या खोलीत, आणि अख्ख्या सभेत एकालाही ते खटकलं नाही, हिम्मतरावांना नाही, मकरंदला नाही, मला नाही. पोरांना मराठी वाचता येत नाही म्हणून येत नाहीत, म्हणे.

प्राची वायरी काढत होती. लॅपटॉप मिटला. “जाते आंटी. उद्यापासून बघते, चिक्कडपल्लीला कॅफे आहे एक, तिथं केबिन असतात.” हे सांगताना ती चांगुलपणानं हसली, चहाचा कप रिकामा करून नीट बाजूला ठेवला, जणू पाहुणी.

आता एक गोष्ट सोपी होती. तिला म्हणायचं, जा, बाहेर पायरीवर बस, पासवर्ड आता तुझ्याकडे आहेच, मकरंदला मी बघून घेते. वाक्य चारुलतेच्या ओठांवर आलंसुद्धा. पण म्हटलं असतं तर मुलगी गेली असती, पायरीवर पाठ करून बसली असती, आणि सगळं संक्रांतीपासून होतं तसं झालं असतं, खिडकी आणि वेणीचा शेंडा. आणि मुलीचं भलं आणि आपलं मागणं या दोन गोष्टी एका क्षणात तिच्यासमोर आल्या, आणि त्यातली कुठली पुढं आहे हे तिला तेव्हाही नीट कळलं नाही, पुढंही कळणार नव्हतं.

“थांब,” ती म्हणाली. मोठ्यानं. खोलीत तो शब्द कपाटांवर आपटला. प्राची दचकली. “लाव त्याला परत. इथंच बस.”

“पण आंटी...”

“मी बाहेर जातेय. मला जरा वाराच खायचा होता.” ठरावात एवढंच होतं की वापरणाऱ्यानं आत बसावं, सांभाळणाऱ्यानं कुठं बसावं याबद्दल काही नव्हतं. “दार ओढून घेते. मोठ्यानं बोललीस तरी चालतं. ती पाटी जुनी आहे.”

मुलगी तिच्याकडे पाहत राहिली, आणि त्या पाहण्यात उपकार होते, की संकोच, की नुसतीच घाई, हे चारुलतेला वाचता आलं नाही. ती बाहेर आली. दार ओढलं. कडी लावली नाही.

पायरीवर कसं बसायचं, हा प्रश्नच होता. आबासाहेबांच्या वाचनमंदिराच्या पायरीवर त्यांच्या घरातलं कुणी कधी बसलं नव्हतं. पायरी चढायला आणि उतरायला. तिनं निऱ्या सावरल्या, गुडघे कुरकुरले, बसली. दगड उन्हानं ऊबदार होता. समोर मिरचीभजीवाल्यानं कढईखालचा स्टोव्ह पेटवला होता, ट्यूशनमधून सुटलेली पोरं एकमेकांच्या पाठीवर दप्तरं हाणत चालली होती, आणि कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं.

आतून आधी काहीच आलं नाही. मग हळू, मग नेहमीच्या उंचीवर, मग एकदम वर — “अरे पण किती दिवस? किती दिवस अजून?” — आणि चारुलतेनं मान खाली घातली. आबासाहेबांच्या खोलीत बाई भांडत होती. असं भांडण त्या भिंतींनी ऐकलं नव्हतं. ती दोन पायऱ्या खाली सरकली, म्हणजे शब्द कळेनासे झाले आणि आवाज तेवढा राहिला. तो आवाज रडला, थांबला, आणि मग हसला. या खेपेला ओठांपुरता नव्हे. चारुलतेला बरं वाटलं, आणि बरं वाटता वाटता असा हेवा वाटला की डोळे चुरचुरले. तीन वर्षं समोरासमोर बसून आम्ही एकदा तरी असं भांडलो असतो... मकरंद यायची वेळ झाली होती. तो विचारेल, तुम्ही बाहेर कशा, आत कोण ओरडतंय. काय सांगायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. हे बोलणं संपूच नये असं तिला वाटत होतं, आणि लवकर संपावं, दार उघडावं, मुलीनं बाहेर यावं, असंही. उद्या ती येईल? की ज्या बाईनं आपलं रडणं ऐकलं तिच्याकडे पुन्हा जायला नको म्हणून चिक्कडपल्लीची केबिनच गाठेल?

आणि आज कोण भेटलं म्हणून प्राची त्याला सांगणार तरी काय? वाचनालयातल्या आंटी. तिनं तिचं नाव सांगितलं, नियमच होता तसा. माझं कुणी विचारलं नाही, विचारायची पद्धत नाही. इतकी वर्षं टेबलापाशी बसणाऱ्या बाईला नाव सांगायची वेळच येत नाही.

“माझं नाव चारुलता,” ती म्हणाली.

कुजबुजत नव्हे, घरात, दुसऱ्या खोलीतल्या माणसाला ऐकू जावं म्हणून बोलतात तेवढ्या आवाजात. भाजीची पिशवी घेऊन चाललेल्या एका बाईनं वळून पाहिलं आणि ती पुढं गेली. तो आवाज चारुलतेला ओळखीचा वाटला नाही, जरा घोगरा, जरा वयस्कर, पण वाईटही वाटला नाही. पुढं काय बोलावं ते मात्र तिला सुचेना, आणि आत प्राची बोलतच होती.